झोळी आणि बारावा नियम

परप्रांती नोकरीनिमित्त गेलेला मराठी माणूस जरा स्थिरस्थावर झाला, की प्रथम एक मंडळ काढतो. आणि मंडळ निघाले, की लागलीच त्याच्या नावाचे पावती-पुस्तक छापून घेतो, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. यात थट्टेचा भाग थोडा, अभिमानाचा अधिक. स्वतःसाठी हात पसरताना ज्याची मान खाली जाते, तोच मनुष्य सार्वजनिक कार्यासाठी झोळी घेऊन निघाला, म्हणजे त्याची मान ताठ होते. एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावी काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि खेडोपाडी हिंडून, मूठ-मूठ धान्य जमवून, बहुजनांच्या मुलांची वसतिगृहे चालविली. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही त्या मुलांच्या पोटासाठी दिले. आपल्याकडील कितीतरी शाळांच्या पायात सरकारी अनुदानाच्या आधी कोणाची तरी झोळी पुरलेली आहे.

परंतु मागण्याचीही प्रत्येक मुलखात एक रीत असते. भाषा शिकण्याआधी ही रीत शिकावी लागते, आणि ती कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. आम्ही ती पापनाशम येथे, मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात शिकलो. आपल्या या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळ जण आमच्यासारखेच बदलीचे धनी असल्यामुळे, तो वृत्तान्त त्यांना सर्वस्वी परका वाटणार नाही असे वाटते.

पापनाशम हे तंजावर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते लागते. भोवती कावेरीच्या फाट्यांचे जाळे, आणि त्या जाळ्यात दृष्टी पोहोचेल तेथवर भाताची शेते. एकशे आठ शिवलिंगांच्या मंदिरासाठी यात्रेकरू येथे उतरतात. संगीताच्या जाणकारांना हे नाव पापनाशम शिवन (1890–1973) यांच्यामुळे ठाऊक असते. आम्हांला मात्र या गावात सर्वांत अधिक आवडते ते पालैवननाथर मंदिराच्या आवारातील विटांचे प्रचंड धान्यकोठार. तंजावरच्या नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधविले. त्यात तीन हजार कलम धान्य मावे असे सांगतात. कलम हे इकडचे जुने माप. राजाने शिल्प सोडून कोठार बांधावे आणि तेही देवळाच्या आवारात, यात या मुलखाचा सारा स्वभाव आला. येथे धान्य हेच धन, आणि देवसुद्धा त्याचा राखणदार.

नायकांच्या मागून तंजावरला भोसल्यांची सत्ता आली, ती 1855 पर्यंत टिकली. त्यामुळे आम्ही येथे आलो तेव्हा 'मराठी' म्हणताच लोकांनी आम्हांला अगदीच परके मानले नाही. सरफोजी राजांनी ओरत्तनाडु येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या मुक्ताम्बाळ छत्रात वाटसरूंना अन्न मिळे, आणि तेथेच मुलांना विनामूल्य विद्याही मिळे, ही गोष्ट आम्हांला प्रथम कळली ती एका मराठी ग्रंथातून नव्हे, तर येथील एका वृद्ध रायरांकडून. रायर म्हणजे तंजावरी देशस्थ. त्यांच्या घरी आजही एक प्रकारची मराठी बोलली जाते. ती ऐकताना आपल्या पणजीचा आवाज दुरून येतो आहे असा भास होतो. हे गृहस्थ आपल्या नातवाचे पालक या नात्याने शाळेच्या सभेला येत, आणि आमची तमिळ जेथे लंगडी पडे तेथे तिला काठी देत.

आता शाळेची अडचण. शाळेत मुले सुमारे पाचशे. दहावीच्या गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि नवी नेमणूक होईना. अशा वेळी पालक-शिक्षक संघाने हंगामी शिक्षक नेमून त्याचे मानधन आपण द्यावे, ही तमिळनाडूत रुळलेली वहिवाट आहे. आमच्या संघाने तसेच केले होते. एक तरुण बाई महिना 12,000 रुपयांवर गणित शिकवू लागल्या आणि उत्तम शिकवू लागल्या. पण संघाजवळची शिल्लक डिसेंबरअखेर संपणार होती आणि दहावीची सार्वजनिक परीक्षा त्यानंतर. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन महिन्यांचे 36,000 रुपये कोठून तरी उभे करावयाचे होते. ते न झाले, तर ज्या मुलांच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत त्यांचे गणित ऐन परीक्षेच्या तोंडावर वाऱ्यावर जाणार होते. रक्कम लहान होती. तिच्यावर लटकलेली गोष्ट लहान नव्हती.

संघाने एक छोटी समिती नेमली. निधीसाठी कोणता कार्यक्रम करावा हे तिने ठरवावयाचे. 'केंद्र सरकारचे सार, बी. ए. झालेले, हिशेबात पक्के' अशी आमची प्रशस्ती होऊन आमचे नाव पुढे आले, आणि आम्हांला घाम फुटला. कारण या मासिकाच्या सरकारी वाचकांना सांगावयास नकोच. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांतील बारावा नियम असा आहे, की शासनाच्या किंवा विहित अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून कोणत्याही सरकारी नोकराने कोणत्याही हेतूसाठी रोख अथवा वस्तुरूप वर्गणी मागू नये, स्वीकारू नये, आणि निधी उभारण्याच्या कामाशी अन्य प्रकारेही संबंध ठेवू नये. नियम करणाऱ्याने 'वस्तुरूप' हा शब्द घालून मूठभर तांदळाचीही वाट बंद केली आहे, आणि 'अन्य प्रकारेही' म्हणून पळवाटेचे तोंड लिंपून टाकले आहे. वर्गणी देण्यास मात्र मनाई नाही. सरकारी नोकराने द्यावे, मागू नये.

पहिल्यांदा वाचताना हा नियम फार अरसिक वाटतो. विचार केल्यावर तो तसा वाटत नाही. ज्याच्या टेबलावर लोकांचे कागद येतात, त्याने लोकांपुढे झोळी धरली, तर झोळीत पडणारे नाणे दानाचे की कागद पुढे सरकविण्याचे, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. परप्रांतात तर हे अधिकच खरे. येथे आम्हांला कोणी 'अमुक यांचा मुलगा' म्हणून ओळखत नाही. कचेरीच्या नावाने ओळखतात. आम्ही मागू ते आमच्या तोंडाने कचेरीच मागेल. तेव्हा आम्ही रीतसर अर्ज केला. तीन आठवड्यांनी परवानगी आली, तीही अटींसह. पालक या नात्याने विचारविनिमयात भाग घेता येईल. कोणाकडून काही मागता वा घेता येणार नाही. कचेरीशी ज्यांचे काम पडते त्यांच्याशी या बाबतीत बोलता येणार नाही. म्हणजे निवडणे आमच्याकडे, मागणे दुसऱ्याकडे. आम्ही समितीला तसे सांगितले. मुख्याध्यापिकाबाई हसून म्हणाल्या, "बरे झाले सार. मागणारे पुष्कळ आहेत. काय मागू नये ते सांगणारा हवाच होता."

सूचनांना तोटा नव्हता. पहिली सूचना एका तरुण दुकानदाराची. कुपने विकावी, सोडत काढावी, एक सायकल बक्षीस ठेवावी. महाराष्ट्रातील वाचकांना यात वावगे वाटणार नाही; आपल्याकडे 1969 पासून राज्याचीच लॉटरी आहे. तमिळनाडूत मात्र 2003 पासून लॉटरीला बंदी आहे, आणि तिच्या मागे मजुरीचे पैसे तिकिटांत घालून उद्ध्वस्त झालेल्या घरांच्या आठवणी आहेत. "गणिताच्या बाईंचा पगार नशिबाच्या चिठ्ठीवर द्यायचा, मग मुलांना गणित कशाला शिकवायचे?" असे रायर म्हणाले, आणि ती सूचना तेथेच संपली.

दुसरी सूचना गाण्याबजावण्याच्या जलशाची. तिकिटे लावून एक रात्र कार्यक्रम करावा. या सूचनेने आमचे मराठी मन क्षणभर उचंबळले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 1921 च्या जुलैत मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केले, ती कथा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. परंतु भावनेचा भर ओसरल्यावर आम्ही कागद पुढे ओढला. मंच, दिवे, ध्वनिक्षेपक, जनरेटर, खुर्च्या, कलावंतांची बिदागी, त्यांचा प्रवास आणि जेवण, असे एकेक लिहीत गेलो, तेव्हा खर्चाची बेरीज अपेक्षित उत्पन्नाच्या इतकी जवळ जाऊन बसली, की दोघांत ओळखीही पटेना. शिवाय त्या 'मानापमाना'ची तिकिटे साऱ्या मुंबईने घेतली होती. आमची तिकिटे कोण घेणार? तेच पाचशे पालक. ज्यांच्यासाठी मागावयाचे त्यांच्याकडूनच मागावयाचे आणि मधल्या मध्ये मांडववाल्याचे भले करावयाचे, याला निधी म्हणता येत नाही.

तिसरी सूचना खाद्यजत्रेची. शाळेच्या आवारात झावळ्यांचा मांडव घालावा, आयांनी पदार्थ करून विकावे. ही सूचना निघताच मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा बदलला. कुंभकोणम येथून पंधरा किलोमीटरवर. 16 जुलै 2004 रोजी तेथील एका शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि 94 मुले गेली. त्या काळी बाई कुंभकोणमलाच दुसऱ्या शाळेत नोकरीस होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या शाळेच्या आवारात झावळी आणि चूल एकत्र येणार नाहीत." कोणी काही बोलले नाही. वीस वर्षे उलटून गेली तरी या भागातील पालक शाळेत प्रवेश घेताना आधी छपराकडे पाहतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

चौथी सूचना या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाची. पेरावूरणी आणि शेजारच्या पुदुक्कोट्टै भागात 'मोय विरुंदु' नावाची चाल आहे. मोय म्हणजे आहेर, विरुंदु म्हणजे मेजवानी. आडि महिन्याच्या सुमारास एखादे कुटुंब, किंवा खर्च वाटून घेणारी अनेक कुटुंबे मिळून, गावजेवण घालतात. येणारा जेवतो आणि मोय लिहितो. म्हणजे आपली रक्कम वहीत नावानिशी नोंदवितो. कालांतराने त्याच्या घरी मेजवानी झाली, की ती रक्कम वर काही घालून परत करावी लागते. जमलेल्या पैशातून विहीर खणली जाते, मुलीचे लग्न होते, मुलगा महाविद्यालयात जातो. आपल्याकडील आहेराची वही, बिनव्याजी भिशी आणि गावजेवण यांचे हे मिश्रण आहे, आणि गरजवंताची लाज राखणारी ही योजना मोठी शहाणपणाची आहे. पण आम्ही विचारले, "शाळेने मोय घेतला, तर परत कोणी करायचा?" शाळेच्या घरी लग्न नाही, मुंज नाही. परत न होणारा मोय ही त्या रीतीची विटंबना झाली असती. ती सूचनाही मागे पडली.

रायरांनी हरिकथा सुचविली. यात आम्हांला आपलेपणा वाटणे साहजिक होते. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला आले आणि त्यांच्या साकी, दिंडी, ओवी, अभंगांनी येथील लोक मोहून गेले. पुढे तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्याच साच्यात तमिळ हरिकथा घडविली. आणि कीर्तनाच्या शेवटी फिरणाऱ्या आरतीच्या तबकाइतका सभ्य भिक्षापात्राचा प्रकार आम्हांला तरी दुसरा ठाऊक नाही. कोण काय टाकतो हे तबक विचारीत नाही. परंतु शाळेतील पुष्कळ मुले राजगिरी, पंडारवाडै या बाजूच्या मुसलमान कुटुंबांतील. कीर्तनाला त्यांचे आईबाप सौजन्याने येतीलही. पण येणे आणि आपले समजून येणे यांत अंतर आहे. रायरांनीच ते ओळखून आपली सूचना परत घेतली. "तबकाची कल्पना ठेवा, कथा राहू द्या," असे ते आम्हांला मराठीत म्हणाले.

मग आली ती सर्वांच्या ओळखीची गोष्ट. तमिळनाडूत अलीकडे 'कल्वि सीर' हा प्रकार लोकप्रिय झाला आहे. कल्वि म्हणजे शिक्षण. सीर म्हणजे मंगलकार्यात माहेरच्यांनी वा मामाने ताटांत सजवून, वाजत-गाजत नेलेली भेट. येथे गाव शाळेचे माहेर होते. लोक वह्या, खुर्च्या, पंखे, कपाटे ताटांत आणि डोक्यावर घेऊन मिरवणुकीने शाळेत येतात. या प्रथेलाही जुने मूळ आहे. कामराज मुख्यमंत्री असताना 1958 पासून तत्कालीन मद्रास राज्यात शाळासुधार परिषदा भरू लागल्या आणि गावोगावच्या लोकांनी आपल्या शाळांना जमीन, इमारती, फळे, बाके दिली. शाळेतील दुपारचे जेवणही 1956 साली लोकांच्या देणग्यांच्या आधारानेच सुरू झाले होते. तेव्हा कल्वि सीर करावे, यावर एकमत होत आले.

येथे आम्ही आडवे पडलो. मिरवणूक सुंदर, पण तिच्यात कोणाच्या ताटात काय आहे हे साऱ्या रस्त्याला दिसते. कोणी कपाट देईल, कोणी पेन्सिलींचा डबा; आणि ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचा मुलगा त्या दिवशी पोटात दुखते म्हणून घरी राहील. आमच्या कारकुनी सवयीप्रमाणे आम्ही एक टिपणीच समितीपुढे ठेवली. कार्यक्रम कोणताही असो, त्याला चार प्रश्न विचारावे. पैसा नव्या खिशातून येतो, की त्याच त्या पालकांच्या? मिळकतीतला किती भाग मांडवातच जिरतो? यात कोणाची मान खाली होते काय? आणि हे पाहून मुले काय शिकतात? कल्वि सीर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात उत्तीर्ण होत होते, तिसऱ्यात नापास.

मग आम्ही कर्मवीरांच्या मूठभर धान्याची गोष्ट सांगितली. प्रत्येक घराने सारखेच, एक मूठ द्यावे. सभेत हर्षाची लहर उठली, कारण ही गोष्ट तमिळ मुलखालाही परकी नव्हती. ते तिला 'पिडि अरिसि' म्हणतात. पिडि म्हणजे मूठ, अरिसि म्हणजे तांदूळ. दोन भाषांत एकच मूठ निघाल्याचा आनंद आम्ही घेतो न घेतो, तोच पुरवठा खात्यात नोकरीस असलेले एक पालक उठले. तमिळनाडूत 2011 पासून शिधापत्रिकेवर तांदूळ मोफत मिळतो. गरिबाच्या घरची मूठ म्हणजे शिध्याच्या तांदळाची मूठ, आणि शिध्याचा तांदूळ विकणे हा गुन्हा आहे. विकावयाचा नसेल तर पगार कसा द्यावयाचा? आणि शिध्याचा तांदूळ नको असे सांगितले, तर ज्यांच्या घरी तोच शिजतो त्यांना पुन्हा बाहेर ठेवल्यासारखे झाले. सारी सभा गप्प झाली. कायदा बरोबर होता, माणुसकीही बरोबर होती, आणि दोघांच्या मध्ये एक मूठ तांदूळ अडकून पडला होता.

हा गुंता सोडविला तो मागच्या रांगेतल्या एका बाईने. ती आवणीला, कापणीला मजुरीने जाणारी. सभेत ती तोवर बोलली नव्हती. ती उभी राहून म्हणाली, "अरिसि वेण्डाम, नेल्लु कोडुक्कलाम." तांदूळ नको, भात देऊ. शिध्याच्या दुकानात तांदूळ मिळतो. नेल्लु, म्हणजे न कांडलेला भात, कधीच मिळत नाही. भाताची मूठ शेतातूनच आलेली असणार. कोणी विचारले, "तुझ्याकडे शेत कोठे आहे?" ती म्हणाली, "नाही. पण कापणी आमच्याही हातची असते. तै महिन्यात मळणी झाली, की शेतवाल्यांनी कालव्यापाशी एक रास घालावी. प्रत्येक पोराने आपली पिशवी भरून घ्यावी. ज्याच्या घरी असेल त्याने घरून भरून आणावी. कोणाची पिशवी कोठे भरली, हे शाळेने विचारू नये."

एवढे बोलून ती खाली बसली. आमच्या टिपणीतील चारही प्रश्नांना त्या तीन-चार वाक्यांत उत्तर मिळाले होते. शेतवाल्यांपैकी पुष्कळांची मुले त्या शाळेत नव्हती. म्हणजे खिसा नवा. मांडव नाही, दिवे नाहीत. म्हणजे खर्च जवळजवळ नाही. पाचशे मुलांच्या हाती पाचशे सारख्या पिशव्या. म्हणजे मान कोणाचीच खाली नाही. आम्ही लगेच आकडे मांडले. पिशवीत तीन किलो मावले, तर पाचशे पिशव्यांत पंधरा क्विंटल. क्विंटलला अडीच हजारांच्या आसपास भाव धरला, तर तीन महिन्यांचा पगार निघत होता. सांबा पीक जानेवारीच्या मध्यापासून निघू लागते; म्हणजे फार तर एक पगार थोडा उशिरा होईल. त्या उशिराला बाईंनी आनंदाने संमती दिली.

शेतवाल्यांकडे कोण गेले, पिशव्यांचे कापड कोणी दिले, वजनकाटा कोणी आणला, हे आम्ही पाहिले नाही. परवानगीच्या अटीच तशा होत्या. आमच्या सौभाग्यवतींना मात्र वर्तणूक नियम लागू नाहीत. त्यांनी शेजारणींबरोबर बसून पुष्कळ पिशव्या शिवल्या, आणि आमच्या घरात तो एक महिना शिवणयंत्राचा आवाज बारावा नियम मोडल्यासारखा दुमदुमत होता. शेत आम्हांला नाही. आमची कन्याही कालव्यापाशीच्या राशीवर आपली पिशवी भरून आली. तिला कोणी विचारले नाही, म्हणून आम्हीही विचारले नाही.

फेब्रुवारीच्या आरंभी एका सकाळी मुले रांगेने निघाली. पुढे नादस्वर, मागे शिक्षक. शाळेच्या मैदानावर ताडपत्री अंथरली होती. एकेक पिशवी रिकामी होऊ लागली आणि पाहता पाहता सोनेरी रास चढत गेली. तेव्हा गणिताच्या बाई एक दोरी घेऊन पुढे आल्या. दहावीच्या वर्गाला त्यांनी रास मोजावयास सांगितली. शंकूचे घनफळ हा त्यांच्या अभ्यासक्रमातलाच धडा. राशीचा घेर 9 मीटर 40 सेंटिमीटर भरला, उंची एक मीटरहून थोडी अधिक.

येथे आम्हांला राहवेना. मोजणे म्हणजे मागणे नव्हे, अशी मनाची समजूत घालून आम्ही भास्कराचार्यांची आठवण सांगितली. सह्याद्रीच्या कुशीतील या गणितज्ञाने 1150 साली रचलेल्या ग्रंथातील 'लीलावती' या भागात धान्याच्या राशीसाठी स्वतंत्र व्यवहार दिला आहे. जमिनीवर ओतलेल्या राशीची उंची तिच्या घेरावरूनच कळते. जाड्या धान्यात घेराचा दहावा भाग, बारीक धान्यात अकरावा आणि कुसळाच्या धान्यात नववा. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणले, की घनफळ आले. मुलांनी 9.40 ला नऊने भागले. उत्तर 1 मीटर 4 सेंटिमीटर. मग काठी लावून उंची पुन्हा मोजली. ती तेवढीच भरली, तेव्हा जो गलका झाला तो सार्वजनिक परीक्षेचा निकाल लागल्यावरही होणार नाही. आचार्यांच्या रीतीने घनफळ सुमारे 2.56 घनमीटर आले, पाठ्यपुस्तकाच्या सूत्राने 2.45. फरक का पडला हे शोधणे बाईंनी मुलांवर सोपविले. एका मुलीने दुसऱ्या दिवशी उत्तर आणले: आचार्यांनी येथे परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. ती त्या मागच्या रांगेतल्या बाईची मुलगी होती.

काट्यावर भात 14 क्विंटल 60 किलो भरला. त्यात थोडी ओल होती. गिरणीवाल्यांच्या उघड लिलावात 2,450 रुपये भाव आला. एकूण 35,770. दोनशे तीस रुपये कमी पडले, ते मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या पाकिटातून घातले आणि त्याचीही पावती फाडून घेतली.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. त्याच सभेत आम्ही आग्रह धरून आणखी एक ठराव करवून घेतला होता: निधी गोळा होवो न होवो, रिक्त जागा भरण्याविषयीचा अर्ज सर्व पालकांच्या सह्यांनी शिक्षण खात्याकडे जावा, आणि दर महिन्याला त्याचे स्मरणपत्र जावे. काहींना हे विसंगत वाटले. लोकच पगार देऊ लागले, मग सरकारकडे कशाला जावयाचे? आमचे म्हणणे अगदी उलट होते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हे शासनाचे बंधन ठरविले. दहावीचे मूल वयाने त्या रेषेच्या पलीकडे जाते, पण ज्या शाळेत दहावीचा वर्ग आहे तेथे गणिताचा शिक्षक असावा, हे सांगण्यास वयाची अट नको. लोकांची झोळी शासनाचे कर्तव्य झाकण्यासाठी वापरली गेली, तर ती झोळी राहत नाही, पडदा होते. आम्ही शासनाचेच नोकर असल्यामुळे हे बोलणे आम्हांला अधिक शोभते असे आम्हांला वाटले. फाईल कशाने पुढे सरकते आणि कशाने झोपी जाते, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? गरज भागली आहे असे कागदावर दिसले, की फाईल सुखाने झोपते.

म्हणून त्या ठरावाच्या मसुद्यात रायरांच्या मदतीने एक वाक्य आम्ही मुद्दाम घातले: पालकांनी केलेली व्यवस्था ही तात्पुरती असून तीमुळे जागा भरली आहे असे समजू नये. भाताची रास मुलांनी घातली, हिशेब मुलांनी मांडला, पगार वेळेवर झाला. स्मरणपत्राची प्रत मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस संघाच्या फाईलला लागते, आणि तिच्यावरील आवक-जावक क्रमांक आम्ही स्वतः तपासून पाहतो. त्याला बाराव्या नियमाची आडकाठी नाही.